वाचक विचारतात : गरोदरपणातलं रक्त आणि बाळाच्या वाट्याचं लोह

या वेळी निवडलेले प्रश्न एकाच विषयाचे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होतं. उत्तरं स्त्रीरोग, बालरोग आणि आहार या तिन्ही बाजूंच्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत. त्यांत आठवड्यांचा हिशेब सारखा येईल. हिमोग्लोबिनचा आकडा किती, याइतकंच बाळंतपणाला किती आठवडे उरलेत, हेही उपचार ठरवताना बघावं लागतं.

प्रश्न : मला २५ वा आठवडा चालू आहे. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.६ होतं. तेव्हापासून दवाखान्यातली लाल गोळी रोज एक घेते, तरी परवा ९.१ आलं. सकाळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, म्हणून चहा-बिस्किटाबरोबर घेते. दुपारी कॅल्शियम. पित्तासाठी रोज एक कॅप्सूलही चालू आहे. मला गोळी लागू पडत नाही का?
— एक वाचक, संगमनेर

गोळी पोटात जाते, पण तिच्यातलं लोह रक्तापर्यंत फारच थोडं पोचत असणार. तुमच्या पत्रातच तीन कारणं आहेत.

पहिलं कारण चहा. चहातलं टॅनिन लोहाला आतड्यातच बांधून ठेवतं. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा-कॉफी नको. दूधही त्या वेळेत टाळा.

दुसरं, पित्ताची कॅप्सूल. लोह शोषलं जायला पोटातलं आम्ल लागतं आणि ही कॅप्सूल नेमकं तेच कमी करते. ती खरोखर रोज हवी आहे का, हे डॉक्टरांना विचारा. बऱ्याच जणींना ती आठवडाभरासाठी लिहून दिलेली असते आणि पुढे कुणी थांबवायला न सांगितल्यामुळे चालूच राहते.

तिसरं म्हणजे मात्रा. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. रोज एक गोळी ही रक्तक्षय नसलेल्या बाईसाठी, तो होऊ नये म्हणून. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असेल तर अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमाप्रमाणे रोज दोन गोळ्या द्यायच्या असतात. तुमची मात्रा ९.६ आलं त्याच दिवशी बदलायला हवी होती. आता नर्सबाईंकडे किंवा डॉक्टरांकडे कार्ड घेऊन जा आणि दोन गोळ्या लिहून घ्या.

वेळापत्रक असं बसवता येईल. सकाळी साडेआठला चहा-नाश्ता. अकराला पहिली लाल गोळी, अर्धं लिंबू पिळलेल्या ग्लासभर पाण्याबरोबर. दुपारी एकला जेवणाबरोबर कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी. रात्री आठला जेवणाबरोबर दुसरी कॅल्शियमची. झोपताना, साडेदहाच्या सुमारास, दुसरी लाल गोळी. झोपताना घेतलेल्या गोळीची मळमळ बहुतेकींना झोपेत जाणवत नाही. कॅल्शियम आणि लोह एकत्र गेले की कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही, म्हणून दोन्हींत किमान दोन तास ठेवा. एवढं करूनही उलटी होत असेल तर गोळी जेवणानंतर लगेच घ्या. लोह थोडं कमी शोषलं जाईल, पण चुकवलेल्या गोळीपेक्षा ते बरं. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून जास्त गोळ्या घेऊ नका.

शौचाला काळं होणं हा गोळीचाच रंग आहे, गोळी चालू असल्याची ती खूणच. डांबरासारखी चिकट, घाण वासाची शौच होऊन चक्कर येत असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसऱ्या गर्भत्रैमासात जंताची गोळी (अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एकदाच) घेतली होती का, तेही कार्डावर बघा. आकडीकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. ते तसेच राहिले तर गोळ्यांनी भरलेलं तिकडून जात राहतं.

गोळ्या बाहेरून विकत घेत असाल तर पाकिटावर ‘एलिमेंटल आयर्न’ किती लिहिलंय ते वाचा. फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅम असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं तरी त्यात खरं लोह ६० ते ६५ मिलिग्रॅमच असतं.

महिन्यानं पुन्हा तपासा. गोळ्या नीट गेल्या तर हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमनं वाढायला हवं. तेवढं वाढलं नाही तर ‘आणखी महिनाभर बघू’ हे उत्तर स्वीकारू नका. तेव्हा तुमचे २९ आठवडे झालेले असतील. त्या वेळी पूर्ण रक्तगणना (सीबीसी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि बी-१२ तपासायला सांगा. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं फार सर्रास आहे, आणि ते कमी असेल तर लोह भरपूर देऊनही रक्त तयार होत नाही. लोह कमी असलं की तांबड्या पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असतील तर सरासरी आकार (एमसीव्ही) ‘नॉर्मल’ दिसतो आणि फसगत होते.

प्रश्न : दिवस राहिले तेव्हा सुनेचं हिमोग्लोबिन १२.१ होतं, पाचव्या महिन्यात १०.८ झालं. खाणंपिणं उत्तम आहे. हे रक्त गेलं कुठं?
— एक वाचक, मिरज

कुठंही गेलेलं नाही. गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग जवळपास निम्म्यानं वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानानं कमी वाढतात, म्हणून रक्त पातळ दिसतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात थोडी घसरण नैसर्गिक आहे. तरी आपल्या कार्यक्रमात ११ च्या खाली रक्तक्षय धरतात, तेव्हा गोळ्या दोन करायच्या का ते विचारा आणि महिन्यानं तपासा. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, यंत्रावर. बोट जोरानं पिळून काढलेल्या थेंबात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो.

प्रश्न : सुनेला आठवा महिना आहे, रक्त ९.८. मी तिला रोज बीट, डाळिंब आणि चार खजूर देते. गोळ्या उष्ण पडतात आणि बाळ काळं होतं असं आमच्याकडं म्हणतात, म्हणून गोळ्या कमीच देतो. एवढ्यावर रक्त भरेल ना?
— एक सासूबाई, बार्शी

सासूबाई, तुम्ही सुनेची काळजी घेताय हे दिसतं, म्हणून स्पष्ट सांगतो. एवढ्यावर भरणार नाही. बिटाचा लाल रंग रक्ताचा नसतो. १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतं, डाळिंबात त्याहून कमी. चार खजुरांतून फार तर २ मिलिग्रॅम मिळेल. अख्ख्या गरोदरपणात बाईला सुमारे १००० मिलिग्रॅम जास्तीचं लोह लागतं : बाळ आणि वार यांना ३०० च्या आसपास, स्वतःचं रक्त वाढवायला ५०० च्या आसपास, बाकी रोजची झीज. ही गरज शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यांत जास्त असते आणि तुमची सून नेमकी तिथं आहे.

बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीशी त्याचा काही संबंध नाही. ‘उष्ण पडतं’ म्हणून जे सांगतात, ती बहुतेक वेळा पोटातली जळजळ किंवा शौचाला खडा होणं असतं. त्याला इलाज आहे : गोळी रात्री देणं, पाणी वाढवणं, रोज वाटीभर शिजवलेली पालेभाजी, पपनस किंवा पेरू.

ताटही बदला, कारण तुमच्या बार्शीकडं मिळतं तेच उत्तम आहे. बाजरीत १०० ग्रॅमला साधारण ६ मिलिग्रॅम लोह आहे, पालकाच्या दुप्पट. बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, वर लिंबू, बाजूला तिळाची किंवा कारळ्याची चटणी. मोड आणल्यानं कडधान्यातलं, लोहाला बांधून ठेवणारं फायटेट कमी होतं आणि लोह सुटं होतं. लिंबू, पेरू, आवळा यांतलं क जीवनसत्त्व ते आत घ्यायला मदत करतं. चिंच-कोकम घातलेली आमटी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह कढईतूनही उतरतं. घरात मटण, मासे चालत असतील तर आठवड्यातून दोन-तीनदा द्या, कारण मांसातलं लोह धान्यातल्यापेक्षा कितीतरी पटींनी शोषलं जातं. जेवण झाल्या झाल्या चहा मात्र बंद. अळीव लोहानं समृद्ध आहेत, पण आपल्याकडं ते बाळंतपणानंतरच देतात. तेच चालू ठेवा.

हे सगळं गोळ्यांच्या जोडीला. ९.८ ला रोज दोन गोळ्या, आजपासून.

प्रश्न : पत्नीला ३४ वा आठवडा, हिमोग्लोबिन ७.४. डॉक्टर लोहाचं सलाइन लावू म्हणतात. घरचे म्हणतात रक्ताची बाटली लावा, एकदाचं होऊन जाईल. सलाइननं रिअॅक्शन येते असंही ऐकलंय.
— एक वाचक, परभणी

डॉक्टरांचं बरोबर आहे. बाळंतपणाला पाच-सहा आठवडे उरलेत. गोळ्यांनी महिन्याला १ ग्रॅमच्या आसपास वाढ होईल आणि ती ८.५ वर प्रसूतीला जाईल. ते टाळायचं असेल तर लोह थेट शिरेतून द्यावं लागेल.

किती द्यायचं याचा हिशेब सोपा आहे. दिवस राहण्याआधीचं वजन गुणिले कमी असलेलं हिमोग्लोबिन गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. समजा वजन ४८ किलो आणि गाठायचं ११, म्हणजे ७.४ पासून ३.६ कमी. तर ४८ × ३.६ × २.४ म्हणजे सुमारे ४१५, अधिक ५००, एकूण साधारण ९१५ मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज वापरलं तर एका वेळी २०० मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर सलाइनमधून, एकाआड एक दिवस, आठवड्याला ६०० च्या आत. म्हणजे पाच खेपा. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असेल तर एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत जातं, किमान १५ मिनिटं घेऊन, वजनाला सोसेल इतकंच. बस-रिक्षाचं भाडं आणि बुडणारी मजुरी धरली तर एका खेपेचं औषध पुष्कळदा परवडतं. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

रिअॅक्शनची भीती जुन्या लोह-डेक्स्ट्रानच्या काळातून आली आहे. हल्लीच्या औषधांत गंभीर रिअॅक्शन क्वचित येते, पण येऊ शकते, म्हणून हे घरी किंवा औषध-ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणी लावून घेऊ नये. सलाइन चालू असताना आणि नंतर अर्धा तास नाडी, रक्तदाब, बाळाचे ठोके बघायला हवेत. छाती भरून येणं, अंगावर गांधी, धाप लागणं, यातलं काही झालं तर लगेच सांगा. सुईच्या जागी आग होत असेल तर तेही लगेच सांगा, कारण औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडीवर पडलेला तपकिरी डाग महिनोन्‌महिने जात नाही. पहिल्या तीन महिन्यांत हे सलाइन देत नाहीत. शेवटच्या खेपेनंतर निदान पाच दिवस लोहाची गोळी थांबवतात.

रक्त कधी लागतं? हिमोग्लोबिन ५ च्या खाली असेल तर कोणत्याही महिन्यात दवाखान्यात दाखल करून. ७ च्या खाली आणि दिवस भरत आले असतील तरीही दाखल करावं लागतं आणि बहुधा रक्त द्यावंच लागतं. मात्र रक्त ‘एकदाचं होऊन जाईल’ अशी गोष्ट नाही. फार कमी रक्त असलेल्या बाईचं हृदय आधीच दमलेलं असतं, भराभर बाटली चढवली तर फुप्फुसात पाणी होतं. शिवाय रक्तानं आकडा वाढतो, पण साठा फारसा भरत नाही.

एक तयारी मात्र आतापासून करा. साध्या बाळंतपणात अर्धा लिटरच्या वर रक्तस्राव झाला की त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. ७ च्या घरातल्या बाईला त्याहून कमी स्रावानंही धक्का बसू शकतो. बाळंतपण रक्तपेढी जवळ असलेल्या ठिकाणीच ठरवा, रक्तगट कार्डावर लिहून घ्या. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११ पासून) औषधं, रक्त आणि वाहन मोफत आहे.

प्रश्न : अकरावा आठवडा. हिमोग्लोबिन ९.९, एमसीव्ही ६२, तांबड्या पेशी ५२ लाख. डॉक्टरांनी ‘एचपीएलसी’ सांगितलंय आणि नवऱ्यालाही बोलावलंय. माझं रक्त कमी, त्यांची तपासणी कशाला?
— एक वाचक, उल्हासनगर

लोह कमी असतं तेव्हा पेशी लहान होतात आणि संख्येनंही कमी होतात. तुमच्या लहान आहेत, पण संख्या भरपूर. एमसीव्हीच्या ६२ ला ५.२ नं (५२ लाख म्हणजे ५.२ दशलक्ष) भागलं तर १२ च्या आत येतं. १३ पेक्षा कमी आलं की थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या एका गुणाचा, संशय घेतात. खात्री एचपीएलसीनं, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या तपासणीनं, होते : त्यात ए-२ हिमोग्लोबिन साधारण ३.५ टक्क्यांच्या वर येतं. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत हा गुण जास्त आढळतो, पण तो कुठल्याही घरात असू शकतो.

मायनर हा आजार नाही, तुम्हाला त्यानं धोका नाही. पण नवराही मायनर निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. मेजर म्हणजे आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त. म्हणून नवऱ्याची तपासणी याच आठवड्यात करा. दोघंही मायनर असाल तर गर्भाची तपासणी ११ ते १४ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन होते आणि त्यासाठी तुमच्या हातात तेवढेच दिवस आहेत. लोह बंद करू नका, पण फेरिटिन बघून द्यायला सांगा. मायनर असलेल्या बाईलाही लोहाची कमतरता असू शकते.

नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या वाचकांनी हेच सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबाबत समजावं. तिथंही दोघांची तपासणी, तीही पहिल्या भेटीतच.

प्रश्न : मी आशा आहे. माझ्याकडच्या दोन गरोदर बाया दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर कोयत्यावर (ऊसतोडीला) जाणार, एक चौथ्या महिन्यात, एक सहाव्यात. पाच-सहा महिने माझ्या हाती लागणार नाहीत. बरोबर काय देऊ?
— एक आशाताई, जि. बीड

ताई, हा प्रश्न तुम्ही जायच्या आधी विचारलात, यातच अर्धं काम झालंय.

निघण्याच्या आठवड्यात दोघींचं हिमोग्लोबिन करून घ्या. ७ च्या खाली असेल तिला फडावर न पाठवता वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर नेऊन दाखल करण्याबद्दल बोला. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते आणि घरच्यांना थांबणं जड जातं, म्हणून हे बोलणं नवऱ्यासमोर, डॉक्टरांच्या तोंडून व्हायला हवं.

चौथ्या महिन्यातलीला १८० लाल गोळ्या, रक्तक्षय असेल तर त्याच्या दुप्पट. कॅल्शियम रोज दोन याप्रमाणे. जंताची गोळी समोर गिळायला लावून पाठवा. फडावर पहाटे चारला तोडणी सुरू होते, दिवसभर चहावर काम चालतं. म्हणून लाल गोळी रात्री, जेवणानंतर झोपताना, आणि कॅल्शियम भाकरीबरोबर, एवढंच सांगा. जास्त नियम सांगितले तर एकही पाळला जाणार नाही. चहा प्यायचाच असेल तर गोळीच्या वेळेत नको.

गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात द्या. कोपीत (फडावरच्या झोपडीत) ऊन आणि ओल दोन्ही लागतं, आवरण सुटून वास येतो आणि मग बाया त्या फेकून देतात. दुसरी गोष्ट फार गंभीर आहे : लाल, गोड आवरणाची गोळी लहान पोराला लेमनची गोळी वाटते. दहा किलोच्या मुलानं दहा गोळ्या खाल्ल्या तर किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. डबा कोपीच्या आढ्याला, पोरांचा हात पोचणार नाही असा टांगायचा. गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलटीची वाट न बघता १०८ ला फोन.

माता बाल संरक्षण कार्ड बाईच्याच पिशवीत हवं, गावी सासूकडे नको. त्यावर रक्तगट, शेवटचा हिमोग्लोबिन, प्रसूतीची अपेक्षित तारीख ठळक लिहा. कार्ड दाखवलं की कुठल्याही आरोग्य केंद्रात तपासणी आणि गोळ्या मिळतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, ती तारीख दोघींच्या नवऱ्यांच्या फोनमध्ये टाकून द्या. कारखान्याचं गाव कळलं की तिथल्या आशाताईचा नंबर मिळवा आणि तिला स्वतः फोन करा. चालताना धाप, रात्री उशाशिवाय झोपता न येणं, पायावर-तोंडावर सूज, अंगावरून जाणं, बाळाची हालचाल कमी होणं : यातलं काहीही झालं तर त्या दिवशी कोयता खाली.

प्रश्न : मुलीचं बाळंतपण ३६ व्या आठवड्यात झालं, बाळ २.१ किलो. तिचं हिमोग्लोबिन ९ होतं. बाळाचं १७ आलं, म्हणजे बाळाला काही कमी नाही ना? डॉक्टरांनी नाळ लगेच न कापता थांबून कापली, ते का? आणि आईच्या अंगात रक्त कमी, तर दूध तरी सकस असेल का?
— एक आजी, चिपळूण

आजी, १७ हा चांगला आकडा आहे, पण तो आजच्या रक्ताचा आहे, पुढच्या शिदोरीचा नाही. आईकडे कमी असलं तरी वार बाळाला आधी देते, म्हणून जन्मतः रक्त बरं दिसतं. मात्र यकृतातला साठा कमी राहतो. तो साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरतो, आणि तुमचं बाळ त्यातले काही आठवडे आधीच आलं आहे. बहुतेक बाळांचं हिमोग्लोबिन दोन-तीन महिन्यांत आपोआप उतरतं. पूर्ण दिवसांच्या बाळाचा साठा चार ते सहा महिने पुरतो, कमी वजनाच्या बाळाचा त्याआधीच संपतो.

नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापली की वारेतलं ८० ते १०० मिलिलिटरपर्यंत रक्त बाळाकडे येतं. इतक्या लहान जिवाला ते कित्येक आठवड्यांचं लोह आहे. अशा बाळांना कावीळ किंचित जास्त दिसू शकते, म्हणून पहिल्या आठवड्यात उजेडात नेऊन कातडी बघत जा. तळहात-तळपाय पिवळे वाटले तर लगेच दाखवा.

दुधाबद्दल मनात काही आणू नका. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, पण त्यातलं निम्म्याच्या आसपास बाळ शोषून घेतं, आणि आईच्या रक्तक्षयानं ते फारसं कमी होत नाही. चीक दूध फेकू नका. वरचं दूध, मध, गुटी, पाणी सहा महिने काही नको. गाईचं दूध तर वर्षाच्या आत मुख्य आहार म्हणून देऊच नका. त्यात लोह नगण्य असतं आणि लहान बाळाच्या आतड्यातून त्यानं सूक्ष्म रक्तस्रावही होऊ शकतो.

२.१ किलोच्या बाळाला बालरोगतज्ज्ञ लोहाचे थेंब लिहून देतील, साधारण किलोमागे रोज २ मिलिग्रॅम. म्हणजे तुमच्या बाळाला सुरुवातीला ४ मिलिग्रॅमच्या आसपास. दोन आठवड्यांनी सुरू करायचं की सहा, हे वजन कसं वाढतं त्यावर ठरेल. बाटल्यांची तीव्रता वेगवेगळी असते. एका मिलिलिटरमध्ये किती लोह, हे वाचून डॉक्टरांकडून थेंबांचा आकडा लिहून घ्या, आणि बाटली बदलली की पुन्हा विचारा. वजन वाढलं की मात्राही वाढते, ती जुनीच चालू ठेवू नका. बाळाला छातीशी उघड्या अंगाला धरून, वर पांघरूण घालून जितके तास जमेल तितके ठेवा. आईबरोबर तुम्हीही ते करू शकता.

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतील, प्रत्येक वेळी वजन करून घ्या. सहा महिन्यांनी नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात, कुस्करलेलं अंडं सुरू करा. आणि मुलीच्या गोळ्या बाळंतपणाबरोबर बंद झाल्या असतील तर त्या आज पुन्हा सुरू करा : ९ हिमोग्लोबिनला आधी दोन, रक्त भरल्यावर एक, पुढचे सहा महिने.